जाळीच्या आतली सीताफळं

कुंपणाचा अर्ज मीच लिहिला होता. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढं दुसऱ्यांना शिव्या देताना लाज वाटायची नाही.

आमच्या भीमनगरामागं अख्ख्या शहराचा कचरा पडायचा. सहा वर्षांमागं भामाआत्यानं धारूरच्या डोंगरातल्या सीताफळांच्या बिया तिथं लावल्या. मग शेवगा, पेरू, कढीपत्ता, खाली अंबाडी. नळ पंधरा दिवसांनी येतो, तरी घरागणिक एक बादली भांड्याचं पाणी झाडांना जायचं. वास गेला. भर मे महिन्यात तिथं सावलीत बसवू लागलं. मजुरीवाल्या घरांत शेवग्याचं कालवण फुकट शिजायला लागलं. पलीकडच्या वाणी गल्लीतल्या नीलाबाईंनी आमच्या दारात कधी पाय ठेवला नव्हता. त्या कढीपत्त्याला आल्या आणि आत्याजवळ बसून पेरू खाऊन गेल्या.

फक्त डुकरं रोपं उकरायची. म्हणून पालिकेला लिहिलं, कुंपण द्या.

दिलं की! सात फूट जाळी, फाटक, कुलूप. आत पेव्हर ब्लॉक. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘लोकसहभागातून’, आणि त्याखाली ‘फळे तोडण्यास सक्त मनाई’.

“लोक म्हंजे कोण बे?” मी वॉचमन तानाजीला विचारलं.

“मला काय इचारतो? मीबी बाहीरच बसतो की.”

उन्हाळ्यात ब्लॉकखाली मुळं भाजली. ठेकेदारानं पाण्याचा पाइपसुद्धा टाकला नव्हता. झाडं माना टाकायला लागली, तेव्हा पालिकेचा मुकादम आप्पाराव आला.

“भामाबाई, बागांच्या स्पर्धेची समिती येनार हाय. फाटक उघडून देतो, बाया लावा, पानी घाला.”

“कुलूप कायमचं काढा, घालते.”

“समिती गेल्यावर बघू.”

“मंग समितीलाच सांगा बादल्या आनायला.”

बाया हसल्या. मीपण हसलो. वाटलं, जिरवली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर आत्या उन्हात उकिडवी बसून जाळीखालच्या फटीतून तांब्या तांब्या पाणी आत सोडत होती.

“आत्या, कावून घालती पानी? ह्याच्यात त्यांचंच भलं हाय.”

“सीताफळानं काय केलंय रे? अर्ज त्यानं लिवला व्हता का?”



पाणी पोचलं तेवढी कडेची रांग जगली. मधली झाडं वाळली. समितीनं फोटो त्या रांगेचेच काढले. बक्षीस मिळालं. शाल ठेकेदाराच्या अंगावर.

आठवड्यानं पालिकेनं जाळीला खालून पत्रे ठोकले. बाहेरच्या पाण्यानं फरशीवर शेवाळ धरतं म्हणे! आत्या भरली बादली घेऊन आली. पत्रा हातानं चाचपून पाहिला. मग बादली नालीत उपडी केली आणि माझ्याकडं न बघता घरी गेली.