नऊ नंबरची भिंत

साहेब, भिंत तुम्ही कुजवलीत आणि सही माझ्या वडिलांची घेतलीत.

सही झाली तेव्हा मी तिथंच होते. तात्या तुमच्या टेबलासमोर उभे. खुर्ची रिकामी होती, पण बसा म्हणायचं तुम्हाला सुचलं नाही.

"काम खराब झालं, चूक माझी, असं लिहून द्या," तुम्ही म्हणालात. "मग दुरुस्तीचा आदेश काढतो. कारणाशिवाय मला काढता येत नाही."

"कारण रंग आहे, साहेब. कामात खोट नाही."

"रंगाला दहा वर्षांची गॅरंटी आहे. तुमच्या कामाला आहे का?"

तुमचा कारकून फिदीफिदी हसला. तात्यांनी पेन उचललं.

एकतीस वर्षं या माणसानं तुमच्या वसाहतीला रंग दिला. जुन्या विटांची घरं, चुन्यात बांधलेली. नऊ नंबरात आम्ही राहतो. दरवर्षी भिंतींना बाहेरून चुना लागायचा. "वीट पाणी पिते आणि उन्हात सोडून देते," तात्या सांगायचे. "चुना तिच्या आड येत नाही." भिंतीची ओल बघायला ते पालथा हात लावायचे. तळहाताला घट्टे पडलेले, त्याला काही कळत नाही म्हणायचे.

मग तुम्ही तो प्लास्टिकचा रंग पाठवलात. पाणी आत जाणार नाही म्हणालात. आतलं पाणी बाहेर कसं येणार, हे तात्यांनी विचारलं होतं. जमिनीतून ओल चढतेच, ती जाणार कुठं?

"साहेब, हे विटेचं नाक दाबल्यासारखं होईल."

"भिंतीला नाक असतं होय?" तुम्ही म्हणालात.

पुढं तात्या बोलले नाहीत. इथंच त्यांचं चुकलं. दुसरी चूक त्याहून मोठी, ती म्हणजे त्यांनी काम चोख केलं. बारीकसारीक भेगा लांबी भरून बुजवल्या. रंगाचे दोन जाड हात दिले. खिडकीखाली, पाइपामागं, जिथं कुणी वाकून बघत नाही तिथंही.

समोरच्या ओळीचं काम पातळ्याकडं होतं. डब्यात पाणी ओतल्याशिवाय त्याचा ब्रश हलत नाही, म्हणून हे नाव. त्यानं एकच हात फिरवला, तोही उडत उडत. पाइपामागं तर काहीच नाही. तात्यांनी त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला.

पावसाळा सरला. पातळ्याच्या भिंती डागाळल्या, पण कोरड्या. आमच्या भिंतीला ताटाएवढे फुगे आले. बोटानं दाबला की आतून पाणी ओघळायचं. घरात आईच्या खाटेलगत लोणा फुटला, मिठासारखा पांढरा, मग काळी बुरशी. आईचा दमा आधीचाच. आता ती दोन उशांना टेकून बसल्या बसल्या डुलकी काढायची, आडवं होणं बंद.

पातळ्या मुद्दाम आला. "बघा तात्या, माझी कामचोरी कशी ठणठणीत उभी आहे!" दारातून आत डोकावला आणि आईची धाप ऐकून उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "वहिनी, मी हसायला आलो होतो. माफ करा."

तात्यांनी सही केली ती या धापेपायी. भिंत मोकळी होईल म्हणून. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या अक्षरात ठेवलं.

पंधरा दिवसांनी तुमचा आदेश आला. नऊ नंबरला त्याच रंगाचा तिसरा हात.

तात्यांनी कागद दोनदा वाचला आणि आईकडं दिला. आई श्वास घेत घेत म्हणाली, "अहो, आता तरी... ऐकू नका त्यांचं."

सकाळी त्यांनी पत्रा काढला, भिंत खरवडायचा. रंगाची सालपटं चादरीसारखी सुटून आली आणि सोबत विटेचा चेहराही. खाली लाल भुग्याचा ढीग. दुपारी पायाडाच्या फळीच्या दुसऱ्या टोकाला पातळ्या चढला, न बोलावता.

"इथं पातळपणा नको," तात्या म्हणाले.

"खरवडण्यात पाणी कुठं ओतू?" तो म्हणाला. तात्या हसले. कितीतरी दिवसांनी.

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी नोटीस आली. मालमत्तेचं नुकसान केलं, कामावरून कमी. खाली पुरावा जोडलेला: 'या इसमाने यापूर्वीही सदोष काम केल्याची लेखी कबुली दिलेली आहे.' सही तात्यांची.

भिंत आता नागडी आहे. दिसायला वाईटच, ओरबाडलेली. महिना झाला, तिच्यावर ऊन पडतंय. काल तात्यांनी मला हाक मारली. "हात लाव. पालथा." गुडघ्यापर्यंत भिंत अजून गार होती. वर, खांद्याजवळ, कोरडी. आत आई एका उशीवर झोपली होती. आडवी. तिची झोप मोडेल म्हणून आम्ही बाहेरच उभे राहिलो.

तात्या काही मागत नाहीत. मी मागते. त्या कागदावर चूक कुणाची लिहायला हवी होती? टेबलामागून सांगू नका. नऊ नंबरला या, भिंतीला पालथा हात लावा आणि तात्यांच्या तोंडावर उत्तर द्या.