दोन साहेबांमधली बिनहातांची खुर्ची

मी अंकाऱ्याच्या मंत्रालयातली एक खुर्ची बोलतेय. जन्मले तेव्हा मला चांगले दोन हात होते. पण परदेशी पाहुणा आणि आमचे साहेब यांच्या ऐसपैस खुर्च्यांमध्ये मी मावेना, म्हणून सुताराने ते कापून टाकले. तिथे दुभाष्याला बसवायचं होतं, आणि दुभाष्याने अंग चोरूनच बसायचं असतं.

माझ्यावर नूरशेन बसायची. तिची रशियन ऐकून पाहुणे खूश असत. ते आमच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्र बांधणार आणि आम्ही त्यांच्याकडून वीज घेणार, अशी बोलणी वर्षानुवर्षं चालली होती. घोडं अडलं होतं विजेच्या दरावर. मेजवान्यांना मात्र खंड नव्हता. मटण, पिलाव, बकलावा, सगळं तिच्या दोन्ही अंगांनी जायचं. तिच्यापुढे ताटच नसे. तोंडात घास असला तर बोलणार कशी?

"नूरशेनबाई," चहावाला साब्री चिडवायचा, "मंत्र्यांच्या पंगतीला बसता आणि घरी जाऊन अंडं तळता!"

"आज अंडीपण संपलीत रे," ती हसायची.

दुभाष्यांची एक रीत आहे. बोलणारा 'मी' म्हणाला की त्यांनीही 'मी'च म्हणायचं. 'साहेब म्हणतात' असं मध्ये घालायचं नाही. स्वतःचं काही म्हणणं असेल तर ते कोटाबरोबर दाराबाहेर टांगून यायचं. ती रीत मला कधीच आवडली नाही.

शेवटच्या बैठकीत आमचे हालुकसाहेब हटून बसले. "दर उतरवा, नाहीतर राहू द्या."

पाहुणे आर्कादी हळू आवाजात काहीतरी बोलले. ते तुर्कीत सांगण्याआधी नूरशेनने माझी बैठक दोन्ही बाजूंनी घट्ट धरली. धरायला माझे हात नव्हतेच.

"मी दर उतरवतो," ती म्हणाली, "पण कामगारांच्या वसाहतीसाठी मला तुरुंचलू गाव रिकामं करून हवंय."

तुरुंचलू तिचं गाव. तिथल्या लिंबाच्या बागेत तिचे बाबा एकटे राहत, आणि बागेच्या कडेला तिच्या आईची कबर होती.

हालुकसाहेबांनी नकाशाही नीट पाहिला नाही. "दिलं!"

नूरशेन नकाशावरच्या आपल्या गावाकडे बघत राहिली.

"अहो बाई, सांगा ना त्यांना!"

"दिलं," ती रशियनमध्ये म्हणाली. टाळ्या झाल्या. गाव मागितलंही तिच्याच तोंडाने आणि देऊनही टाकलं तिच्याच तोंडाने.

दालन रिकामं झालं तरी ती माझ्यावरच बसून होती. टीव्हीवर बातमी लागली असावी, कारण बाबांचा फोन आला. म्हाताऱ्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पोरी, तू तिथंच होतीस ना? मग एक शब्द तरी बोलायचास!"

"बाबा, सगळे शब्द मीच बोलले."



ती पुन्हा आली नाही. मी आता अडगळीत आहे. साब्री अधूनमधून माझ्यावर ट्रे टेकवतो. दुसऱ्या केंद्राची बोलणी सुरू होणार, असं काल तो म्हणत होता. मला पॉलिश करून बाहेर काढणार आहेत. बाबांनो, हवं तर मला चुलीत घाला, पण पुन्हा त्या दोघांच्या मध्ये नेऊन ठेवू नका.