पूजेला बसलेलं पिस्तूल

मी शारजातल्या एका नेमबाजी क्लबच्या लोखंडी कपाटातून बोलतोय. जन्मानं रशियन, पेशानं लष्करी पिस्तूल, वयानं तुमच्या आजोबांच्या आसपास. पिस्तूल बोलायला लागलं की ऐकणारा दोन पावलं मागे सरकतो, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी आजवर कुणाचाही जीव घेतलेला नाही. कागदावरच्या काळ्या गोलाशिवाय माझं कुणाशी वैर नाही.

माझा जन्म झाला तेव्हा मोठं युद्ध संपून गेलं होतं. वऱ्हाड परतल्यावर मांडवात पोचलेल्या पाहुण्यासारखी माझी गत. कारखान्यातल्या बायकांनी माझी नळी घासली, घोडा आणि चाप बसवले, प्रत्येक सुट्या भागावर एकच नंबर ठोकला. मग अंगभर जाड तपकिरी ग्रीस फासून, मेणकागदात गुंडाळून मला लाकडी पेटीत निजवलं. कधीतरी बोलावणं येईल म्हणून आम्ही सगळे वाट बघत पडलो. ते काही आलं नाही. ज्या देशासाठी आम्हाला घडवलं तो देशच मोडला, आणि आम्ही 'जुना लष्करी माल' म्हणून बाजारात निघालो.

मला घेतलं अबू सैफनं. हा मूळचा शारजाचाच, तरुणपण लष्करात काढलेला, रीतसर परवाना असलेला माणूस. इथले हौशी लोक ससाणे पाळतात, उंट पळवतात. याला वेड निवृत्त लष्करी पिस्तुलांचं. "ये सब मेरे माफिक पेन्शन वाले हैं," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. त्याची सगळी पिस्तुलं या क्लबच्या कपाटात असत. दर शुक्रवारी सकाळी त्याची मंडळी जमायची आणि जुन्याच पिस्तुलांनी, एका हातानं, उभं राहून नेम मारायची. नवं चकचकीत पिस्तूल घेऊन कुणी आला की अबू सैफ त्याला गावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजायचा, खजूर खिलवायचा आणि प्रेमानं परत पाठवायचा.

कपाटाच्या किल्ल्या जहूरकडे. पाकिस्तानातून आलेला, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा. माझी सगळी देखभाल त्याच्या हातात. त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. माझ्या गोळ्याही माझ्यासारख्याच जुन्या, लष्करी. त्या झाडल्या की नळीत एक प्रकारचा क्षार चिकटून राहतो. तेलानं तो निघत नाही. दमट हवेत तसाच राहिला की नळी गंजून जाते. त्याला कढत पाणीच लागतं. म्हणून नेमबाजी संपून लोक गेले की जहूर चहाची किटली चढवायचा, आधी माझ्या नळीतून उकळतं पाणी ओतायचा, पुसायचा, तेल द्यायचा आणि मग उरलेल्या पाण्याचा स्वतःसाठी चहा करायचा.

त्या सुखाच्या दिवसांत मंजुषा आली. ती दुबईत, अल मनखूलला राहायची. नवरा सूर्यकांत एका बांधकाम कंपनीत होता, आणि कंपनीच्या कुठल्याशा ओळखीनं तो तिला घेऊन अबू सैफच्या शुक्रवारी पाहुणा म्हणून आला होता. त्यानं मला उचललं, डोळे मिटले आणि चाप ओढला. गोळी कुठं गेली ते वाळूलाच ठाऊक.

"अरे, डोळे उघडे ठेवून मारतात," मंजुषा म्हणाली.

"मग तू मार ना! यल्ला, दाखव," सूर्यकांत म्हणाला.

तिनं ओढणी कमरेला खोचली, मला उचललं, श्वास अर्धा सोडला आणि थांबली. इतका शांत हात माझ्या मुठीला तोवर लागला नव्हता. माझी गोळी गेली ती थेट काळ्या गोलात. मग पुन्हा, आणि पुन्हा.

"बिन्ती," अबू सैफ खुर्चीतून उठून म्हणाला. बिन्ती म्हणजे लेकी. "किसने सिखाया?"

"एनसीसी ने."

"ये एनसीसी कौन आदमी है? उसको भी लेके आओ."

सूर्यकांत हसून हसून बेजार झाला. पुण्याच्या कॉलेजात असताना तिनं नेमबाजीत पदकं मिळवली होती. लग्न झालं, पदकं माळ्यावर गेली आणि दुबईत आल्यावर त्यांची आठवण काढायलाही कुणी उरलं नाही. त्या दिवसापासून ती दर शुक्रवारी यायची. मला दुसऱ्या कुणी उचललेलं तिला आवडायचं नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही. जायची घाई तिला नेहमीच असे, घरी स्वयंपाक पडलेला असे. त्यामुळे ती गेल्यावर जहूर माझं काय करतो हे तिनं कधी पाहिलंच नाही.

मग ते मंदीचं वर्ष आलं. आम्हाला कपाटात बातम्या कळत नाहीत, पण शुक्रवारची गर्दी पातळ होत गेली ते कळलं. एक जण कॅनडाला गेला, एक केरळला, एक न सांगताच गेला. नोकरी गेलेला माणूस नेम धरत नाही, नुसता चाप ओढतो. अशांच्या हातून मी बरीच वाळू फोडली. दुबईतल्या क्रेन उभ्याच्या उभ्या राहिल्यात असं सूर्यकांत सांगायचा. "आमची साइट होल्डवर आहे, होल्डवर," एवढंच तो म्हणत राहिला. पुढच्या वर्षीच्या नवरात्रापर्यंत त्याची कंपनीच खलास झाली. व्हिसा रद्द झाला आणि सामान बांधायला घेतलं.

खंडेनवमीला, भर दुपारी, मंजुषा एकटीच आली. तिच्या पिशवीत बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणलेली झेंडूची फुलं होती. तिनं आधी जहूरकडून मला मागून घेऊन मनसोक्त नेमबाजी केली. जाताना एकदा, असं म्हणाली. मग मला टेबलावर एका ताटलीत ठेवलं, एनसीसीत शिकवल्याप्रमाणे नळीतून तेलाची चिंधी ओढली, मुठीला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फूल वाहिलं. माझ्या आख्ख्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी हात जोडले. लाकडी पेटीत पडून काढलेली ती सगळी वर्षं त्या क्षणी वसूल झाली असं मला वाटलं.

एवढ्यात जहूर नमाज आटपून आला.

"जहूरभाई, आज इसको हाथ मत लगाना हं," ती म्हणाली. "हमारे में पूजा को बैठा हुआ हत्यार हिलाते नहीं. कल दसरा है. कल मैं आके खुद पूजा उतारूंगी."

"पर बेटी, पानी..."

"प्लीज, जहूरभाई."

तिचे डोळे भरून आले होते. जहूरनं मान हलवली. मला फुलासकट, अक्षतांसकट, ताटलीसकट अलगद उचलून कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. एका रात्रीत काय होतंय, असं तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिकीट एक दिवस अलीकडं आलं होतं, आणि कपाटं, गॅस, कुलुपं या गडबडीत मी तिच्या डोक्यातून निघून गेलो. जहूर थांबला. तिसऱ्या दिवशीही थांबला. तो काही विसरला नव्हता. रोज कपाटापाशी येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. ती आपल्या हातानं उतरवणार म्हणाली होती, दुसऱ्याच्या इबादतीत आपण हात कसा घालायचा, एवढंच त्याच्या मनात. आणि इकडं माझ्या नळीत तो क्षार शारजाची दमट हवा पीत बसला होता. आतून खाल्लं जाणं कसं असतं ते मला विचारा. ओरडावंसं वाटतं, आणि वर तर फूल ठेवलेलं असतं.

आठवडा उलटल्यावर अबू सैफनंच कपाट उघडलं. त्यानं माझी नळी उजेडाकडं धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. आत खड्डेच खड्डे पडले होते. जहूर भिंतीला टेकून उभा होता. नवी नळी मागवू का, असं त्यानं विचारलं. अबू सैफनं नकार दिला. माझ्या अंगावर सगळीकडं एकच नंबर आहे, दुसऱ्याची नळी घालून तो मोडायचा नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्याला मुठीवरचं कुंकू दिसलं. ते त्यानं पुसलं नाही.

"किसी को नहीं बोलना," तो म्हणाला. "बिन्ती को तो बिल्कुल नहीं."

पुढे पुण्याहून तिचा फोन आला, की पूजा उतरवायची राहूनच गेली. "सब ठीक है बेटी, सब ठीक," जहूर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

वर्षं गेली. क्रेन पुन्हा हलायला लागल्या. सूर्यकांतला महिनाभराच्या कामासाठी दुबईला बोलावणं आलं आणि त्याच्याबरोबर मंजुषाही आली. केसांत रुपेरी छटा, चष्मा. अबू सैफ आता काठी घेऊन चालत होता. तिनं येताच सांगितलं, की पुण्यातल्या तिच्याच जुन्या कॉलेजानं तिला एनसीसीच्या मुलामुलींना नेमबाजी शिकवायला बोलावलंय. इतकी वर्षं पिस्तुलाला हात लावलेला नाही, जमेल की नाही कळत नाही. उत्तर आजच द्यायचंय.

"मी ठरवून आलेय," ती सूर्यकांतला म्हणाली. "याच्यावर हात साधला तर हो म्हणायचं. नाहीतर विषय संपला."

जहूरनं अबू सैफकडं पाहिलं. अबू सैफनं जमिनीकडं. मला तिच्या हातात दिलं गेलं.

तोच शांत हात. तसाच अर्धा सोडलेला श्वास. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी गोलाखाली अगदी बरोबर येऊन थांबली. आणि माझ्या खड्डे पडलेल्या नळीतून गोळी भलतीकडंच गेली. दुसरी त्याहून लांब. तिनं सगळ्या गोळ्या संपवल्या. कागद जवळ आणला तर भोकं दाही दिशांना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"गेला हात," ती हसून म्हणाली. ते हसू बघवत नव्हतं. "मी नाही म्हणून कळवते रे."

"अगं, प्रॅक्टिस नाही तुला. इतक्या वर्षांनी..." सूर्यकांत म्हणाला.

"नको. मुलांना फसवायचं कशाला?" तिनं पर्समधून फोन काढला.

तेव्हा अबू सैफ काठी टेकत उठला. स्वतः कपाटापाशी गेला आणि आपलं दुसरं एक जुनं पिस्तूल घेऊन आला. "पहले इससे मारो," तो म्हणाला. ती नको म्हणाली. "हुकूम है," तो म्हणाला.

तिनं झाडलं. काळ्या गोलाच्या मधोमध एक मोठं भोक पडलं, सगळ्या गोळ्यांचं मिळून.

मंजुषानं ते पिस्तूल खाली ठेवलं, मला उचललं, रिकामं करून घेतलं आणि नळी उजेडाकडं धरली. "जहूरभाई, ये कब हुआ?"

"पुराना माल है, बेटी. उमर हो गई..."

"झूठ मत बोल, जहूर," अबू सैफ म्हणाला. आणि त्यानं सगळं सांगितलं, पाण्याचं, फुलाचं, त्या आठवड्याचं. सांगताना त्याचा आवाज कुठंही चढला नाही.

ती खाली बसली. "मी केलं हे? पूजा करून?" ती मराठीतच म्हणाली, आणि रडली.

"निशाना मारने वाले मेरे पास बहुत हैं, बिन्ती," अबू सैफ म्हणाला. "जिसके लिए किसी ने दुआ मांगी, वो ये एक ही है. अब फोन लगा. हाँ बोल."

तिनं डोळे पुसले, तिथंच बसून फोन लावला, आणि 'हो' म्हणाली.

त्यानंतर मला कुणी झाडलेलं नाही. अबू सैफ थकलाय, त्याच्या मुलांना या जुन्या लोखंडात रस नाही, आणि माझं पुढं काय होणार ते मला माहीत नाही. तुमच्याकडे नवमीला काहीही पूजेला बसवणार असाल, कोयता असो की शिवणयंत्र, तर आधी ते नीट साफ करा आणि मग हात जोडा. देव तेवढा वेळ थांबेल.

आणि मंजुषा, अबू सैफनं तुला सगळं सांगितलं, मला मात्र बोलता आलं नाही. त्या दिवशी तू नेम अगदी बरोबर धरला होतास, बाई. चुकलो तो मी.