सोडून दिलेला किंगफिश

पुरुषोत्तम लेले मासे धरायचा, पण खायचा नाही. ऑकलंडच्या मराठी मंडळात हा मोठाच कौतुकाचा विषय होता, आणि कौतुक पचवणं पुरुषोत्तमला कधीच जड गेलं नाही. पेनरोजच्या कारखान्यात डिझाइन इंजिनियर म्हणून लागल्यावर तिथल्या सहकाऱ्यांनी त्याला गळाचा नाद लावला. पुण्यातल्या लेल्यांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःपुरता तोडगा काढला. धरायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. आपण कुणाचा जीव घेत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि सांगताना त्याची मान जरा जास्तच ताठ व्हायची.

त्याची बायको सुनेत्रा देवगडची, माशांवर वाढलेली. घरात मासे करू नकोस असं त्याने तिला कधी म्हटलं नाही. वास सहन होत नाही, एवढंच म्हणाला होता. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा ती गराजमध्ये कॅम्पिंगच्या शेगडीवर मासे करायची आणि तिथेच, गाडीशेजारी फोल्डिंगच्या खुर्चीत बसून जेवायची. मासा छळायचा आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं, हा हिशेब तिला काही उमगला नव्हता. पण त्यावर वाद घालणं तिने केव्हाच बंद केलं होतं.

२०१८चा उन्हाळा इकडे भलताच तापला. फेब्रुवारीत समुद्रात पाय घातला तर आंघोळीचं पाणी काढून ठेवल्यासारखं वाटायचं. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेल्या माशाला दम परत घेता येत नाही, म्हणून तो झटपट ओढायचा, पाण्याबाहेर काढायचा नाही आणि लगेच सोडायचा, हे कुणाला ठाऊक होतं? पुरुषोत्तमलाच. मंडळातल्या दोन नवशिक्यांना त्याने याच विषयावर चांगलं बौद्धिक दिलं होतं. आपल्याला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय त्याने स्वतःला ठेवलीच नव्हती.

त्या शनिवारी तिघंही कॉर्नवॉलिसच्या किनाऱ्यावर गेले. तिसरी म्हणजे स्वरदा, त्यांची दहा वर्षांची मुलगी. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर कायम इंग्लिशमध्ये. मासा सोडायच्या वेळी बाबांच्या शेजारी पाण्यात उभं राहणं हा तिचा ठरलेला मान होता.

दुपार कलताना दोरी सणसणत सुटली. गळाला किंगफिश लागला होता. आपली सुरमई नव्हे, हा इकडचा किंगफिश, पिवळ्या शेपटीचा आणि बैलाच्या ताकदीचा. पुरुषोत्तमने दोरी बारीक लावली होती, कारण बारीक दोरीवर मोठा मासा काढला की बोलायला होतं. त्यामुळे ओढाताण लांबतच गेली. माणसं जमली, कुणी शिट्टी घातली. शेवटी मासा उथळ पाण्यात आडवा आला तेव्हा तो स्वरदाच्या छातीपर्यंत भरेल एवढा लांब होता.

गळ तिथेच, पाण्यात काढायचा होता. पुरुषोत्तमने मासा वाळूवर ओढला, गळ हिसकून काढला, त्यात माशाचा वरचा ओठ फाटला. मग तो उचलून त्याने छातीशी धरला आणि स्वरदाला फोटो काढायला सांगितलं. पहिल्या फोटोत त्याचं डोकं कापलं गेलं. दुसरा उन्हाविरुद्ध आला. तो वळून उभा राहिला. मग टेप काढून लांबी मोजली आणि टेपसकट आणखी एक फोटो हवा झाला.

"पुरू, आधी पाण्यात ठेव त्याला," सुनेत्रा म्हणाली.

"एकच," तो म्हणाला.

"बाबा, इट कान्ट ब्रीद," स्वरदा म्हणाली. तिने फोन खाली घेतला होता. पुरुषोत्तमने तिला तो परत वर धरायला लावला.

मग तो मासा घेऊन पाण्यात शिरला. एक हात शेपटीशी, एक पोटाखाली, तोंड लाटेकडे. पाणी कल्ल्यांतून जावं म्हणून तो त्याला हळूहळू पुढे चालवू लागला. हात सैल केला की मासा कुशीवर कलंडायचा आणि पांढरं पोट वर यायचं. स्वरदानेही पोटाखाली हात लावला आणि ती माशाशी इंग्लिशमध्ये हळू आवाजात बोलू लागली. बघे पांगले. कल्ला एकदा हलल्यासारखा वाटला, पण ती लाट होती. मासा मेलाय हे पुरुषोत्तमला कळलं तरी तो त्याला चालवत राहिला, कारण थांबलं की मुलीच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

शेवटी त्याने तिला टॉवेल आणायला पिटाळलं. ती पाठमोरी झाली तसा तो छातीभर पाण्यात गेला आणि त्याने मासा दोन्ही हातांनी खोल ढकलून दिला.

ती परत आली तेव्हा तो म्हणाला, "गेला पोहत. सरळ गेला."

स्वरदाने त्याला ओल्या अंगानेच मिठी मारली. पुरुषोत्तमला लाज वाटली, पण ती घशाखाली ढकलता येण्याइतपतच होती. त्याने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, सोडून दिला. अंगठे आणि नमस्कारांचा पाऊस पडला.

एवढा हुशार माणूस, पण भरती अजून चढते आहे हे त्याने पाहिलं नव्हतं. सामान आवरेपर्यंत समुद्राने मासा आणून वाळूवर ठेवला, आणि तो दिसला स्वरदालाच. ती त्याच्यापाशी उकिडवी बसली. पुरुषोत्तम धावत गेला.

"हा दुसरा असेल," तो म्हणाला.

स्वरदाने माशाच्या फाटक्या ओठावर बोट ठेवलं. मग तिने बाबांकडे पाहिलं. पुरुषोत्तमला वाटलं, हिने रडावं, ओरडावं, खोटारडा म्हणावं. ती फक्त "ओके" म्हणाली आणि आईला हाक मारायला गेली.

सुनेत्राने कल्ला उचलून आतल्या लालीवरून मासा ताजा आहे हे पाहिलं, शेपटीला धरून मासा नळावर नेला आणि तिथेच साफ केला. तिचा हात इतक्या सरावाने चालत होता की इतक्या वर्षांत आपण हे कधी पाहिलंच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. घरी आल्यावर ती बर्फाची पेटी घेऊन सवयीने गराजकडेच वळली. आत ये, स्वयंपाकघरात कर, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते, पण आता कुठल्या तोंडाने म्हणायचं ते त्याला कळेना. स्वरदा ताट घेऊन आईकडे गेली. तो ओट्याशी एकटाच दहीभात कालवत बसला आणि बंद दारापलीकडे दोघींचं हळू बोलणं ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी पापाटोएटोच्या हॉलमध्ये मंडळाची शिवजयंती होती. जेवणाच्या पंगतीत अध्यक्ष बाळासाहेबांनी सर्वांदेखत फोटोचा विषय काढला. एवढं मोठं धूड हातात येऊनही सोडणारा माणूस विरळा, असं म्हणून त्यांनी समोर बसलेल्या स्वरदाला मुद्दाम मराठीत विचारलं, "काय गं, खरंच गेला का पोहत?"

पुरुषोत्तमचा घास हातातच राहिला. खरं सांगून टाक, असं त्याला मनापासून वाटलं, आणि नको सांगूस असंही तितकंच वाटलं. सुनेत्रा पानाकडे बघत होती.

स्वरदाने बाबांकडे एकदा पाहिलं. मग जन्मात जिने पाहुण्यांना मराठीत उत्तर दिलं नव्हतं ती पोर एकेक शब्द नीट लावत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हो काका. बाबांनी त्याला सोडून दिलं. मी बघितलं."

सगळी पंगत हसली, कुणी टाळ्या वाजवल्या. इकडे जन्मलेली मुलगी, पण मराठी किती स्वच्छ, असं म्हणत बाळासाहेबांनी तिच्या पानात दोन जिलब्या वाढल्या आणि हे सगळं आईवडिलांच्या संस्कारांचं फळ, असं पुरुषोत्तमकडे बघून म्हणाले. पुरुषोत्तमला मान वर करता आली नाही.