डोळ्यांत बघा ना

तबेल्याचं दार उघडताच अत्तराचा आणि सडक्या मांसाचा वास एकदमच नाकात शिरला आणि जनावरांच्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला. पुढच्या दोन्ही पायांनी कायमचा अधू झालेला घोडा तुळईला बांधलेल्या झोळीत लटकत होता. पट्टे काचून छातीला जखमा झाल्या होत्या. त्यांच्यावर डॉक्टरांच्या वहिनींनी फुलाफुलांचं कापड टाकलं होतं. अपंग घोड्यांचा हा आश्रम वहिनींचाच, आणि आज पाहुण्यांचा दिवस होता.

"वहिनी, किती हाल करणार याचे?" डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन आणलंय मी. सोडवू या त्याला."

"भाऊजी, जिभेला काही हाड आहे का?" वहिनी कडाडल्या. "मी रोज बोलते त्याच्याशी. त्याला जगायचंय. त्याच्या डोळ्यांत बघा ना जरा!"

मागे जमलेल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी तर डोळेही पुसले.

डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड थेट बुबुळावर पाडला, मग हात झपकन पुढे नेला. पापणीसुद्धा लवली नाही. दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत.

"हा ठार आंधळा आहे, वहिनी. रोज त्या डोळ्यांत तुम्हाला दिसतं ते तुमचंच तोंड."

वहिनींनी वाकून घोड्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. एकदाची ट्यूब पेटली म्हणायची, असं वाटून डॉक्टरांनी बॅगेची चेन उघडली.

तेवढ्यात वहिनी उजळल्या चेहऱ्याने पाहुण्यांकडे वळल्या. "ऐकलंत ना? आता याच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजाने बिथरलेला घोडा झोळीतल्या झोळीत पळू पाहत होता.