कुंड्यांची फळी

कॅल्विनच्या लग्नात बायबलमधलं पहिलं शास्त्रवाचन लविनाने करायचं ठरलं, तेव्हा सगळे खूश झाले. आगाशीच्या शाळेत मराठी शिकवणारी, आवाज खणखणीत, शिवाय नवऱ्या मुलाची सख्खी आत्या. अडचण एवढीच, की आत्या व्हीलचेअरवर, वाचायचं वेदीवरून, आणि वेदीला तीन पायऱ्या.

"त्यात काय! चार पोरं अलगद उचलतील," बॅप्टिस्ट अंकल म्हणाले. चर्चची सगळी व्यवस्था तेच बघायचे. माणूस सोन्यासारखा, फक्त महाहट्टी.

"मी काय सणातली मूर्ती आहे का अंकल, खांद्यावरून मिरवायला? खुर्ची चढेल अशी एक फळी टाका की."

"नव्या संगमरवरावर फळी? फोटोत कशी दिसेल! तू खालूनच वाच. देव काय वर-खाली बघतो?"

"नाही ना बघत? मग सगळ्यांनीच खालून वाचू दे."

अंकल रुसले. एवढ्या मायेने उचलतो म्हणतोय, तर पोरीचा तोरा बघा! गावही तेच बोललं, आणि लविनाला ते फार लागलं. माया खोटी नव्हती, हेच तर दुखणं होतं. मायेशी भांडणाऱ्याची बाजू कोण घेणार?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती चर्चमध्ये गेली, ती 'मी वाचत नाही' असं सांगायलाच. बघते तर सजावटवाल्यांच्या जड कुंड्या हातगाडीवरून वर चढाव्यात म्हणून पायऱ्यांवर लांबरुंद फळी टाकलेली, आणि अंकल स्वतः ती धरून उभे. "उचलू नका रे, कुंडी फुटेल!"

लविनाने खुर्ची फळीसमोर आणून थांबवली. अंकलनी तिच्याकडे पाहिलं, मग फळीकडे, आणि त्यांचे कान लाल झाले.

"राहू दे ही उद्यापर्यंत," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या प्रार्थनाविधीत, मिस्सेत, ती आपल्या हातांनी चाकं फिरवत वर गेली. पण वाचनाचं लाकडी स्टँड उभ्या माणसाच्या मापाचं. त्यामागे ती पार झाकली गेली. बाकांवरून दिसला तो फक्त गजरा. कोणीतरी खुसखुसलं.

आवाज चढवून तिला वाचता आलं असतं. तिने तोंडच उघडलं नाही. फादर थांबले, नवरा-नवरी थांबली. 

शेवटी अंकल उठले. कोणालाही हाक न मारता वर आले, ते स्टँड कवेत धरून बाजूला सरकवलं आणि माइक तिच्या हातात दिला.

"वाच," ते म्हणाले. "दिसतेस आता."