गोजराच्या भाऊबीजेचा पाट

मित्रांनो, मी पाट. आंब्याच्या लाकडाचा, जुना, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. पाट म्हणजे मुकी, गरीब वस्तू असे तुम्हाला वाटत असेल. मुका मी आहे, पण गरीब मुळीच नाही. माझ्यात राग ठासून भरला आहे आणि तो का, ते आज सांगतो.

बोनकोड्याच्या शेजारी, खाडीकाठच्या गावात सिताराम नावाचा शेतकरी होता. मुलगी झाली तेव्हा त्याने सुताराकडून मला करून घेतले. मुलीचे नाव गोजरा, तिच्या थोरल्या भावाचे हिरामण. दर भाऊबीजेला हिरामण माझ्यावर मांडी घालून बसायचा आणि गोजरा त्याला ओवाळायची. ते दिवस चांगले होते, हे मी रागातही नाकारत नाही.

मग सरकारने आमच्या भागात नवे शहर वसवायला घेतले. भाताची खाचरे सरकारकडे गेली, उरले ते गावठाणातले घर. सिताराम वारला. गोजरा विधवा होऊन माहेरी परतली होती आणि सुकी मासळी विकून त्याच घरात राहत होती. हिरामण मात्र पक्का चलाख. मुंबईहून जागा शोधायला येणाऱ्यांना तो खोल्या दाखवू लागला, आधी पायी, मग स्कूटरवरून. रस्त्याला त्याने एजंटची पाटी लावली. लोक त्याला शेठ म्हणू लागले आणि तो स्वतःलाही शेठच समजू लागला.

१९७६ ची भाऊबीज. अंगण माणसांनी भरले होते. गोजराने ओवाळले, हिरामणने ताटात जरीची साडी ठेवली आणि खिशातून एक कागद काढला. तिने विचारले, "दादूस, यात काय लिवलंय?"

"खाचरांच्या भरपाईचा कागद हाय," तो हसत म्हणाला. "भावावर भरोसा नाय का?"

असे विचारल्यावर कोणती बहीण नाही म्हणेल? तो माझ्यावरून उठला, तिने कागद माझ्यावर ठेवून अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन त्याने आणखी अंगठे घेतले. ते हक्कसोडपत्र होते. बापाच्या घरावरचा हक्क मी राजीखुशीने सोडते, असे त्यात लिहिले होते. राजीखुशीने! माझा तिळपापड झाला, पण लाकडाचे ऐकतो कोण?

आठ वर्षे तो तोंडाने गोड राहिला. मग सरपंचपदासाठी उभा राहिला, आणि त्याच सुमारास ते घर पाडून तीन मजले चढवायचे त्याने ठरवले. दिवाळीनंतर घर रिकामे कर, असा बहिणीला निरोप धाडला. तेव्हा कुठे तिला त्या कागदाचा अर्थ कळला. गावात कुजबुज सुरू झाली, की सख्ख्या बहिणीला रस्त्यावर काढणारा गावाचे काय भले करणार? हिरामण घाबरला. त्याने देवळापुढे मांडव घातला आणि गोजराला सांगितले, की चार लोकांसमोर ओवाळ, मग तुझ्या एका खोलीचे बघतो.

मांडवात मला मांडले. खादीच्या कडक कपड्यांत तो माझ्यावर बसला, मी नुसता करकरलो. गोजरा ताट घेऊन आली. एवढे ओवाळले की डोक्यावर छप्पर राहण्याची आशा होती. सारा गाव बघत होता. तिने ताट खाली ठेवले.

"दादूस, त्या कागदावर माझा माहेरचा हक्क सुटला ना? मंग ओवाळायचा हक्क पन त्यातच गेला. ऊठ पाटावरनं."

तो उठला. तिने मला काखेत मारले आणि ती चालू लागली.

तरी तो निवडून आला, हेही सांगितले पाहिजे. घर पाडले गेले. गोजरा आता रबाळ्याला कारखान्यात पॅकिंग करते, भाड्याच्या खोलीत राहते आणि माझ्यावर बसून भाकरी थापते.

हिरामण लबाड, असे सगळे म्हणतात. आहेच. पण माझा राग त्याच्यापाशी थांबत नाही. १९७६ च्या त्या अंगणात वाचता येणारी सात माणसे होती. कागद माझ्यावर उघडा पडला होता. सातही जण करंज्या खात होते.

मित्रांनो, तुम्हाला वाचता येते. तुमच्या आत्यापुढे, आजीपुढे कुणी कागद सरकवला, तर तिच्याजवळ बसा आणि मोठ्याने वाचा. मोठी माणसे डोळे वटारतील, गप्प बस म्हणतील. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.